झुरळाच्या पोटापासून सुरू झालेला शोध: व्हिन्सेंट विगल्सवर्थ

बेळगाव-निपाणी पट्ट्यात ऊसतोड सुरू झाली की तोडलेला ऊस लवकर गाळपाला जावा म्हणून शेतकऱ्याची धडपड असते. दोन-चार दिवस ऊस उन्हात पडला की वजन घटते, साखरेचा उताराही घटतो. वजन घटते ते पाणी उडाल्यामुळे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. उतारा घटण्यामागे मात्र उसाच्याच पेशींतले इन्व्हर्टेज नावाचे एन्झाइम असते. ते साखरेचे दोन तुकडे करते, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. एकदा तुकडे झाले की त्या साखरेचा दाणा बांधत नाही. कारखान्याच्या दृष्टीने हा तोटा. झुरळाच्या दृष्टीने मात्र हेच जेवण. स्वयंपाकघरात गुळाच्या डब्याभोवती घुटमळणाऱ्या झुरळाच्या आतड्यात अशीच साखर फोडणारी एन्झाइम असतात आणि त्यांच्याशिवाय गूळ त्याच्या अंगी लागत नाही.

झुरळाच्या पोटात हे कसे चालते, हे ज्यांनी नीट तपासले त्यांत व्हिन्सेंट ब्रायन विगल्सवर्थ यांचे नाव वरचे. कीटकांच्या शरीरक्रियेचे शास्त्र म्हणून आज जे शिकवले जाते त्याचा पाया त्यांनी घातला असे जगभरचे कीटकशास्त्रज्ञ मानतात. पण आपल्याकडे शाळा-कॉलेजच्या पुस्तकात त्यांचे नाव क्वचितच भेटते. माणूस तसा डॉक्टरकी शिकलेला. झुरळांकडे वळला तो नोकरीमुळे.

17 एप्रिल 1899 रोजी इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यातल्या कर्कम गावी त्यांचा जन्म झाला. वडील गावातले डॉक्टर. शाळा रेप्टनला. पुढे शिष्यवृत्ती मिळून केंब्रिजचे गॉन्व्हिल अँड कीज कॉलेज. मध्येच पहिले महायुद्ध आले आणि हा कोवळा मुलगा तोफखान्यात भरती होऊन फ्रान्समध्ये गेला. परत आल्यावर पदवी पुरी केली आणि दोन वर्षे गौलंड हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत काढली. हॉपकिन्स म्हणजे जीवनसत्त्वांच्या कामासाठी 1929 मध्ये ज्यांना नोबेल मिळाले तेच. तिथे जे. बी. एस. हाल्डेन यांच्याबरोबरही विगल्सवर्थ यांनी काम केले. हेच हाल्डेन पुढे 1957 मध्ये भारतात येऊन राहिले आणि भुवनेश्वरला वारले. त्यानंतर लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये विगल्सवर्थ यांनी वैद्यकीचे शिक्षण पुरे केले. आता गावी जाऊन वडिलांसारखा दवाखाना थाटायचा, नाहीतर मोठ्या हॉस्पिटलात चिकटायचे, असा सरळ रस्ता पुढे होता.

1926 मध्ये पॅट्रिक बक्स्टन यांनी त्यांना लंडनच्या स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये बोलावून घेतले. या संस्थेचे काम उष्ण प्रदेशातल्या रोगांचे, आणि यातले निम्मे रोग कीटक पसरवतात. मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात असतो हे रोनाल्ड रॉस यांनी 1897 मध्ये आपल्या हैदराबादजवळच्या सिकंदराबादेतच पाहिले होते. त्यानंतर डास मारण्याच्या मोहिमा जोरात निघाल्या. पण डास म्हणजे आतून काय आहे, तो खातो ते पचवतो कसा, श्वास कसा घेतो, पाणी कसे टिकवतो, हे फारसे कुणाला सांगता येत नव्हते. ज्याच्याशी लढायचे त्याचे शरीर कसे चालते ते आधी कळले पाहिजे, असे बक्स्टन यांचे म्हणणे. त्यासाठी त्यांना कीटक जमवणारा माणूस नको होता, शरीरक्रिया जाणणारा हवा होता. संस्थेची लंडनमधली नवी इमारत 1929 मध्ये उभी राहिली. तिच्या गॅलऱ्यांवर डास, पिसू, ऊ, त्सेत्से माशी अशा प्राण्यांच्या सोनेरी आकृत्या बसवल्या आहेत. रस्त्यावरून जाणाऱ्याला त्या अजून दिसतात.

विगल्सवर्थ यांनी सुरुवात केली ती झुरळापासून. झुरळ मोठे, बारमाही मिळणारे, खाईल ते पचवणारे. 1927 आणि 1928 मध्ये झुरळाच्या पचनावर त्यांचे तीन निबंध ओळीने छापून आले. पहिला पोटातल्या आम्लतेवर, दुसरा पिष्ट आणि साखरेवर, तिसरा प्रथिने आणि चरबीवर.

यातली पहिलीच गोष्ट मजेदार निघाली. झुरळ खाते ते आधी एका पिशवीत साठते. या पिशवीत आम्ल सापडते, साखर-पिष्ट खाल्ले की जास्तच. आपल्या जठरात आम्ल तयार होते तसे झुरळही करत असेल, असे कुणालाही वाटले असते. पण हे आम्ल झुरळ तयारच करत नव्हते. पिशवीतले सूक्ष्मजीव साखर आंबवत होते, त्याचे ते आम्ल. इडलीचे पीठ रात्रीत आंबट होते त्यातलाच प्रकार. म्हणजे झुरळाच्या पोटातली आम्लता ही त्याने काय खाल्ले यावर ठरत होती.

दुसऱ्या निबंधात साखर-पिष्ट फोडणाऱ्या एन्झाइमांची झडती होती. झुरळाच्या लाळेत पिष्ट फोडणारे अमायलेज असते. पुढच्या आतड्यात माल्टोज फोडणारे, उसाची साखर फोडणारे अशी एन्झाइम असतात, आणि आतड्यातला हा रस मागे वाहून पिशवीत येतो. त्यामुळे बरेचसे पचन आतड्याआधीच, त्या साठवणीच्या पिशवीत होऊन जाते.

मग त्यांनी त्सेत्से माशी घेतली. आफ्रिकेत निद्रारोग पसरवणारी ही माशी फक्त रक्तावर जगते. हिच्या पोटात प्रथिने फोडणारी एन्झाइम जोरदार निघाली, आणि साखर-पिष्टाची जवळजवळ नाहीत. पिष्टाला थोडेसे चालणारे अमायलेज काय ते सापडले. उलट गोड, सडके, मांस, सगळे खाणाऱ्या निळ्या माशीत सगळा साठा हजर. ज्याचे जसे जेवण तशी त्याच्या पोटातली हत्यारे.

इथे एक प्रश्न उभा राहतो आणि तो साधा नाही. झुरळाने आज गूळ खाल्ला, उद्या पुस्तकाची खळ. अमुक एन्झाइम आता सोड, इतके सोड, हे आतड्याला सांगतो कोण? अन्न आतड्याच्या भिंतीला लागले की ती भिंत आपली आपणच कामाला लागते का? की मेंदूकडून मज्जातंतूने हुकूम येतो? की रक्तातून एखादा निरोप फिरतो?

माणसाच्या बाबतीत या तिसऱ्या शक्यतेचे उत्तर लंडनमध्येच मिळाले होते. 1902 मध्ये बेलिस आणि स्टारलिंग यांनी कुत्र्याच्या आतड्याच्या तुकड्याच्या सगळ्या नसा तोडल्या आणि त्यात आम्ल सोडले. तरीही स्वादुपिंडातून पाचक रस आला. नसा तुटलेल्या, म्हणजे निरोप रक्तातून गेला. अशा निरोप्याला 1905 मध्ये स्टारलिंग यांनी हार्मोन हे नाव दिले. मराठीत आपण संप्रेरक म्हणतो. तर हार्मोन या कल्पनेचा जन्मच मुळी पचनातून झाला. पण कीटकाला हार्मोन असतात, हे 1920 च्या दशकात बहुतेकांच्या डोक्यातही नव्हते. एवढ्याशा किड्याला कशाला हवी ती भानगड, असाच एकंदर समज.

अपवाद होता एका पोलिश माणसाचा. स्टेफान कोपेच यांनी पतंगाच्या अळ्यांवर प्रयोग केले होते. त्यांचा निबंध 1917 मध्ये आणि पुढे 1922 मध्ये इंग्रजीत छापून आला. अळीचा मेंदू ठरावीक दिवसाआधी काढला तर ती कोष करत नाही, त्यानंतर काढला तर करते. मज्जारज्जू तोडला तरी फरक पडत नाही. अळीच्या मध्यावर वेळ साधून दोरा घट्ट बांधला तर पुढचा अर्धा भाग कोष होतो आणि मागचा अळीच राहतो. याचा अर्थ उघड होता. मेंदूकडून रक्तात काहीतरी सुटते. मज्जातंतूंचा अवयव असलेला मेंदू ग्रंथीसारखे वागतो, हे मात्र त्या काळी पचनी पडणारे नव्हते. कोपेच यांचे काम बरीच वर्षे कोपऱ्यातच पडून राहिले.

विगल्सवर्थ यांच्या हाती याच सुमारास एक नवा प्राणी आला. ऱ्होडनियस नावाचा दक्षिण अमेरिकेतला ढेकूण. आपल्या खाटेतल्या ढेकणाचा हा लांबचा भाऊबंद, पण आकाराने चांगला दांडगा. तिकडे तो चागास रोग पसरवतो, म्हणून बक्स्टन यांच्या प्रयोगशाळेत तो पाळलेला होता. विगल्सवर्थ यांना त्याची एक सवय फार उपयोगी वाटली. अंड्यातून बाहेर आल्यापासून प्रौढ होईपर्यंत हा ढेकूण पाच अवस्थांतून जातो, आणि प्रत्येक अवस्थेत तो एकदाच पोटभर रक्त पितो. स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट. पोट फुग्यासारखे ताणते. त्यानंतर ठरलेल्या दिवसांनी तो कात टाकतो. जेवला नाही तर महिनोन् महिने तसाच बसून राहतो. म्हणजे जेवण हेच घड्याळाची किल्ली. हवी तेव्हा द्या, घड्याळ चालू.

त्यांनी मग जे केले ते ऐकायला क्रूर वाटेल. जेवलेल्या पिल्लाचे डोके कापायचे आणि मान मेणाने बंद करायची. ढेकूण मरत नाही! कीटकाचा श्वास नाकातोंडाने नसतो, अंगावरच्या छिद्रांनी असतो. रक्तदाबाचाही फारसा प्रश्न नसतो. बिनडोक्याचा ऱ्होडनियस महिनोन् महिने जगतो, काही तर वर्षभराच्या वर जगले. पोटातले रक्त सावकाश पचवत बसतात.

चौथ्या अवस्थेतल्या पिल्लाचे डोके जेवणानंतर पहिल्या तीन-चार दिवसांत कापले, तर ते कात टाकत नाही. त्यानंतर कापले, तर डोके नसतानाही ठरल्या वेळी कात टाकते. तेव्हा तीन-चार दिवसांनी डोक्यातून काहीतरी सुटते आणि एकदा सुटले की डोक्याची गरज संपते. कोपेच यांनी पतंगात पाहिले तेच इथे.

सुटते ते रक्तातूनच जाते, याची खात्री करायला त्यांनी दोन ढेकूण जोडले. एकाचे डोके लवकर कापलेले, दुसऱ्याचे उशिरा. दोघांच्या माना मेणाने एकमेकांना चिकटवल्या. रक्त एकात एक झाले आणि ज्याने कधी कात टाकायची नव्हती तोही टाकू लागला. ना महागडे यंत्र, ना मोठा ताफा. मेण, काचेची बारीक नळी, धारदार पाते, सूक्ष्मदर्शक. बाकी हाताचे कसब आणि दिवसेंदिवस बसून पाहण्याची चिकाटी. 1934 मध्ये हे सगळे प्रसिद्ध झाले.

जेवणाचा निरोप डोक्यापर्यंत कसा पोचतो, तेही त्यांनी शोधले. वाटेल की रक्तातला एखादा पोषक घटक पुरेसा असेल. पण तसे नाही. थोडे थोडे करून रक्त पाजले तर एकूण बरेच प्यायले तरी कात टाकायची तयारी सुरू होत नाही. एका दमात पोट ताणले पाहिजे. आणि पोटाकडून येणारा मज्जारज्जू तोडला तर पोट तुडुंब असूनही काही घडत नाही. ताणलेले पोट नसेवाटे मेंदूला कळवते, मेंदू रक्तात हार्मोन सोडतो, हार्मोन कातडीला कामाला लावतो. एवढी साखळी लागली.

पण डोक्यात नेमके कुठे? इथे विगल्सवर्थ चुकले.

मेंदूच्या मागे कॉर्पस अलॅटम नावाची एक चिमुकली ग्रंथी असते. त्या ठरावीक दिवसांत तिच्या पेशी बदललेल्या दिसल्या. मेंदूपेक्षा ग्रंथीने हार्मोन सोडावे हे समजायलाही सोपे. 1934 च्या निबंधात त्यांनी तिलाच कात टाकण्याच्या हार्मोनचे उगमस्थान ठरवून टाकले. एवढ्या मोठ्या शोधाला एवढी एक चूक चिकटलेली. बरे, ती दाखवून देणारे त्या वेळी कुणी फारसे नव्हते. या ढेकणावर असे काम करणारे होतेच किती?

चूक त्यांची त्यांनीच खणून काढली. 1936 मध्ये त्यांनी दाखवले की ही ग्रंथी वेगळेच काम करते. पिल्लाला पिल्लूच ठेवण्याचे. जोवर ती आपला रस सोडते तोवर ढेकूण कात टाकतो खरा, पण पुन्हा मोठे पिल्लूच होतो. शेवटच्या अवस्थेत ती गप्प बसते आणि पंखवाला प्रौढ बाहेर येतो. चौथ्या अवस्थेतली ग्रंथी पाचव्या अवस्थेतल्या पिल्लात बसवली, तर प्रौढ होण्याऐवजी निसर्गात कधी नसणारे सहाव्या अवस्थेचे दांडगे पिल्लू तयार झाले. उलट अगदी पहिल्या अवस्थेतले बिनडोक्याचे बारके पिल्लू प्रौढ होऊ घातलेल्या मोठ्याला जोडले, तर त्या एवढ्याशा जिवाला प्रौढाची लक्षणे आली. प्रौढ माद्यांत हीच ग्रंथी अंडी वाढायला लागते, हेही त्यांनीच दाखवले. 1940 मध्ये त्यांनी या रसाला ज्युव्हेनाइल हार्मोन असे नाव दिले, आणि त्याच वर्षी मेंदूतल्या स्रावी मज्जापेशींचा भाग बिनडोक्याच्या ढेकणात बसवून त्याला कात टाकायला लावले. कोपेच यांचे म्हणणे बरोबर होते. मेंदूच ग्रंथीसारखा वागतो. विगल्सवर्थ यांनी ते स्वच्छपणे मान्य केले आणि आपले 1934 चे मत मागे घेतले.

हे घडत होते तेव्हा युरोपात दुसरे महायुद्ध पेटले होते. कोपेच तेव्हा वॉर्सा विद्यापीठात प्राध्यापक होते आणि शहर जर्मनांच्या ताब्यात. 7 मार्च 1941 रोजी पोलिश भूमिगतांनी इगो सिम नावाच्या, जर्मनांना मिळालेल्या नटाला गोळी घातली. त्याचा सूड म्हणून जर्मनांनी शहरातल्या लोकांना ओलीस धरले आणि 11 मार्चला वॉर्साजवळच्या पाल्मिरीच्या जंगलात त्यांतल्या 21 जणांना गोळ्या घातल्या. त्यांत स्टेफान कोपेच होते. लंडनमधल्या बिनडोक्याच्या ढेकणांनी त्यांना खरे ठरवले त्याला जेमतेम वर्ष झाले होते. आज कीटकांच्या हार्मोनचा इतिहास सांगताना पहिले नाव कोपेच यांचे घेतात.

विगल्सवर्थ यांचे बाकीचे आयुष्य बाहेरून पाहिले तर शांत. 1928 मध्ये लग्न झाले होते, चार मुले. 1939 मध्ये त्यांचे कीटकांच्या शरीरक्रियेवरचे मोठे पुस्तक निघाले आणि त्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतले. पुस्तक सात आवृत्त्यांपर्यंत गेले. 1943 मध्ये इंग्लंडच्या शेती संशोधन परिषदेने त्यांच्या हाताखाली कीटक शरीरक्रियेचा खास विभाग काढला. तो पुढे केंब्रिजला गेला आणि 1952 पासून ते तिथे प्राध्यापक झाले. 1964 मध्ये सर झाले. बहुतेक निबंधांवर त्यांचे एकट्याचेच नाव आहे. मोठा साहेब झाल्यावर विद्यार्थ्यांच्या कामावर आपले नाव चढवायची रीत सगळीकडेच आहे. ते मात्र स्वतः पात्याने कापत, स्वतः पाहत, स्वतः लिहीत.

युद्धाच्या काळातले त्यांचे एक काम आपल्या घराशी जवळचे आहे. कडधान्याला कीड लागू नये म्हणून आपल्याकडच्या बायका त्याला राख चोळून ठेवत आल्या आहेत. राखेत विष नसते, मग कीड मरते कशाने? कीटकाच्या अंगावर मेणाचा अतिशय पातळ थर असतो आणि त्यामुळे अंगातले पाणी उडत नाही. बारीक खरखरीत भुकटीवरून कीटक चालला की हा थर खरवडला जातो आणि तो वाळून मरतो. 1940 च्या दशकात विगल्सवर्थ यांनी हे प्रयोगाने सिद्ध केले. आज्जीला कारण ठाऊक नव्हते, उपाय ठाऊक होता.

1950 नंतर या विषयात गर्दी वाढली. जर्मनीत बुटेनांट आणि कार्लसन यांनी 500 किलो रेशीमकोष वापरून कात टाकायला लावणाऱ्या हार्मोनचे 25 मिलिग्रॅम स्फटिक मिळवले, तो निबंध 1954 चा. अमेरिकेत कॅरोल विल्यम्स यांना 1956 मध्ये एका मोठ्या पतंगाच्या नरांच्या पोटातून ज्युव्हेनाइल हार्मोनचा अर्क मिळाला. विगल्सवर्थ यांनी अशा पदार्थाने एक खोडकर प्रयोग केला. ऱ्होडनियसच्या पिल्लाच्या पाठीवर थोडे खरवडून त्यांनी त्याने आपल्या नावाची आद्याक्षरे काढली. पिल्लाने कात टाकली तेव्हा प्रौढाच्या पाठीवर तेवढीच अक्षरे पिल्लाच्या कातडीची राहिली होती. व्ही. बी. डब्ल्यू. गंभीर माणसाच्या हातून झालेला हा एवढाच पोरकटपणा म्हणायचा. पण त्यातून दिसले की हार्मोन जिथे पोचतो तिथलीच पेशी त्याचे ऐकते, शेजारची नाही. हार्मोनसारखी रसायने पुढे किडींच्या बंदोबस्तासाठीही आली. अळी मोठीच होऊ द्यायची नाही, ही त्यांतली युक्ती. डासांच्या अळ्यांसाठी वापरतात ते मेथोप्रीन याच जातीचे.

मग झुरळाच्या त्या जुन्या प्रश्नाचे काय झाले? साखर पचवणाऱ्या एन्झाइमांना हुकूम कोणाचा?

त्याचे उत्तर एका माणसाच्या हातून आले नाही, तुकड्यातुकड्याने आले. डेन्मार्कच्या एलेन थॉमसन आणि इब म्यूलर यांनी 1963 मध्ये निळ्या माशीच्या मेंदूतल्या स्रावी पेशी काढून टाकल्या. आतड्यातले प्रथिने फोडणारे एन्झाइम घटले. पेशी परत बसवल्या की वाढले. म्हणजे विगल्सवर्थ यांना ढेकणात कात टाकायला लावताना सापडल्या त्याच प्रकारच्या पेशी पचनातही हात घालतात. पण सगळ्या कीटकांत सगळी एन्झाइमे अशी चालत नाहीत. पुष्कळदा अन्न स्वतःच आतड्याला जागे करते, आणि आतड्याच्या भिंतीतही हार्मोन सोडणाऱ्या पेशी असतात हे पुढे कळले.

साखरेच्या बाबतीत गोष्ट आतड्यात थांबत नाही. आपल्या रक्तात ग्लुकोज फिरते. कीटकांच्या रक्तात मुख्य साखर ट्रेहॅलोज असते, हे 1957 मध्ये वायट आणि काल्फ यांनी दाखवले. ग्लुकोजचे दोन कण जोडून झालेली ही साखर. ती वापरायची तर आधी फोडावी लागते, आणि ते काम ट्रेहॅलेज नावाच्या एन्झाइमाचे. झुरळाच्या मेंदूमागच्या ग्रंथींचा अर्क टोचला की रक्तातली ही साखर वाढते, हे 1961 मध्ये स्टील यांना दिसले. हार्मोन एन्झाइमाला कसा चालवतो याचे सगळ्यांत नेटके उदाहरण रेशीमकिड्यात सापडले. रेशमाच्या पतंगाची मादी हिवाळ्यात झोपून राहणारी अंडी घालते ती एका हार्मोनमुळे, हे जपानमध्ये 1951 मध्ये फुकुदा आणि हासेगावा यांनी दाखवले. पुढे कळले की तो हार्मोन अंडाशयातल्या ट्रेहॅलेजला चेव आणतो. रक्तातली साखर फुटून अंड्यात ओढली जाते, ग्लायकोजेन म्हणून साठते आणि त्या शिदोरीवर अंडे हिवाळा काढते. नंतर रेशीमकिड्यात बॉम्बिक्सिन नावाचे, आपल्या इन्सुलिनच्या घडणीचे हार्मोनही मिळाले. तेही रक्तातली ट्रेहॅलोज खाली आणते. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला हे वाचून किड्याबद्दल थोडी आपुलकी वाटायला हरकत नाही.

यातल्या प्रत्येक प्रयोगाची रीत विगल्सवर्थ यांच्याच ढेकणांची आहे. ग्रंथी काढायची, काय बंद पडते ते पाहायचे, परत बसवायची, काय सुरू होते ते पाहायचे.

निवृत्तीनंतर ते सफोक परगण्यातल्या लॅव्हनहॅम या जुन्या गावी राहिले. 1986 मध्ये पत्नी गेली. काम मात्र सुटले नाही, नव्वदीच्या उंबरठ्यावरही निबंध छापून येत होते. फेब्रुवारी 1994 मध्ये, वयाच्या 94 व्या वर्षी ते वारले. 2015 मध्ये ऱ्होडनियसचा पूर्ण जनुकसंच वाचून प्रसिद्ध झाला. त्याचे पोट ताणले की मेंदूत नेमके काय हलते आणि आतड्यात कोणते एन्झाइम कधी सुटते, हे आता तिथे जनुकाच्या पातळीवर तपासले जात आहे. पिल्लांना अजूनही एका वेळी पोटभर रक्त लागते.